कार्ब्युरेटरमधला तांदूळ

शेवटच्या भेटीतही दिलीपने तांदळाचीच गोष्ट सांगितली. नॉटिंगहॅमच्या ज्या हॉस्पिटलात त्याने जन्मभर लोकांना भूल दिली, तिथल्याच एका वॉर्डात तो पडून होता. नाकाला ऑक्सिजनची नळी, आवाज अगदी बारीक झालेला. ड्रिप बघायला आलेल्या नर्सला त्याने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, की हा माझा मित्र, याने देवाचे तांदूळ टाकून माझं इंजिन बंद पाडलं. ती हसली, मीही हसलो. त्याचा हात हातात घेऊन म्हटलं, ‘आता तरी माफ कर रे.’ तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला... मला वाटलं, दमला असेल. चार दिवसांनी सकाळी मीनावहिनींचा फोन आला, ‘भाऊजी, हे गेले.’ मी चहासाठी केटल लावली होती. ती उकळून आपोआप बंद झाली तरी मी फोन हातात धरून तसाच उभा होतो.

इकडे माणूस गेला तरी लगेच काही होत नाही. क्रिमेटोरियमचा स्लॉट मिळायला अडीच आठवडे लागले, आणि मिळाला तोही चाळीस मिनिटांचा. दिलीपची मुलगी जुई मँचेस्टरहून आली होती. इथेच जन्मलेली, मराठी बोलते ती धडपडत, पण हट्टाने. माझ्या कोटाची बाही धरून म्हणाली, ‘काका, तुम्ही बोला ना. बाबाचा तो राइसचा गोष्ट सांगा.’ मी सांगितली. इथल्या मराठी मंडळाची सगळी माणसं काळ्या कपड्यांत बसून हसली आणि हसता हसता रडली. बाहेर पडताना निदान दहाजण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, भालू, फार छान बोललास. त्या दिवशी मी जे बोललो ते परत घ्यायला आज बसलोय. मीनावहिनींना विचारून लिहितोय, हे आधीच सांगतो, नाहीतर उगाच चर्चा नको.

दिलीप नागपूरचा, मी इचलकरंजीचा. तो भूलतज्ज्ञ, कन्सल्टंट. मी त्याच हॉस्पिटलच्या वर्कशॉपमध्ये व्हेंटिलेटर आणि भुलीची यंत्रं दुरुस्त करणारा. एरवी हे दोन प्रकारचे लोक कँटीनमध्ये एका टेबलावर बसत नाहीत. पण हा माणूस डबा घेऊन खाली तळघरात यायचा, ‘काय बे भालू, भाकरी आणलीस का?’ म्हणायचा आणि माझ्याच डब्यात हात घालायचा. पंचेचाळीस डिग्रीत वाढलेल्या या गड्याला बर्फाचं जे वेड होतं, ते मला कधीच कळलं नाही. एकदा स्कॉटलंडला सुट्टीवर गेला असताना कुणाच्या तरी शेडमध्ये सत्तरच्या दशकातली एक स्नोमोबाइल त्याला पडलेली दिसली. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा, मध्ये इंजिन आणि बसायला फाटकी सीट. बर्फावरची मोटरसायकलच म्हणा ना. ट्रेलरवर घालून घेऊन आला आणि सरळ माझ्या दारात उभा. म्हणाला, उत्तर स्वीडनमध्ये अशा जुन्या गाड्यांची तीन दिवसांची शर्यत असते, जंगलातून, गोठलेल्या तळ्यांवरून. आपण जायचं. पहिला आणि दुसरा दिवस मी चालवतो, तिसरा तुझा. म्हणजे फिनिश लाइन तुझी.

तीन हिवाळे गेले त्यात. दर शनिवारी त्याच्या गॅरेजमध्ये. दोघांच्या बायकांनी आशा सोडली होती. रबराचा पट्टा ज्यांवरून सरकतो त्या पट्ट्या मी स्वतः कापून बसवल्या, स्की सरळ केल्या, इंजिन तर तीनदा पूर्ण खोललं. नॉटिंगहॅमात बर्फ कुठला! एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या दवाने भिजलेल्या गवतावर भल्या सकाळी शंभर यार्ड चालवायची, लगेच बंद करायची, कारण बर्फ नसेल तर या गाड्या तापतात. शेतकरी आम्हाला वेडेच समजायचा. एक गोष्ट मी दिलीपकडून शंभर वेळा घोकून घेतली होती. या जुन्या इंजिनाला तेलाची वेगळी टाकी नाही, पेट्रोलमध्येच तेल मोजून मिसळायचं. ते राहिलं तर पिस्टन कोरडा घासतो आणि आतल्या आत चिकटतो, खेळ खलास. ‘हो बे, मी रोज माणसं झोपवतो आणि उठवतो, मला मोजून द्यायला शिकवतोस?’ असं म्हणायचा.

जायच्या आधीच्या खंडेनवमीला मी हळदकुंकू, झेंडू आणि अक्षता घेऊन गॅरेजमध्ये गेलो. माझे वडील इचलकरंजीला मागांचे फिटर. त्या दिवशी ते पाने, हातोडे धुऊन पाटावर मांडायचे आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत एकालाही हात लावू द्यायचे नाहीत. हत्यार वर्षभर आपलं काम करतं, एक दिवस त्याला नमस्कार करावा, एवढंच त्यांचं म्हणणं. इथे आल्यावरही मी ते कधी चुकवलं नाही. दिलीपचा देवाधर्मावर काडीचा विश्वास नव्हता. दाराला टेकून, हाताची घडी घालून तो हसत बघत होता. मी गाडीला कुंकू लावलं, इंजिनावर अक्षता टाकल्या.

शर्यतीच्या पहिल्या दिवशी गाडी अशी धावली, की शेजारच्या व्हॅनमधल्या स्वीडिश म्हाताऱ्याने बॉनेट उघडून आत बघू का म्हणून विचारलं. दुसऱ्या दिवशी मी चेकपॉइंटवर थांबलो होतो. दुपार टळली, सगळे येऊन गेले, हा नाही. शेवटी दुसऱ्या एका गाडीने आमची गाडी दोरीने ओढत आणली आणि मागून दिलीप चालत आला, भुवयांवर बर्फ. म्हणाला, ‘भालू, तुझ्या अक्षता निघाल्या बे. कार्ब्युरेटरच्या जेटच्या बारीक भोकात दाणा अडकला होता. पेट्रोल पुरेसं जाईना, त्याच्याबरोबरचं तेलही नाही, पिस्टन चिकटला.’ दाणा कुठाय विचारलं, तर काढून फेकला म्हणाला. मी व्हॅनच्या पायरीवर बसलो. पूजा केली तेव्हा टाकीचं झाकण उघडं होतं का? काही केल्या आठवेना... आणि तो डॉक्टर, तो कशाला खोटं बोलेल! त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्याने ती गोष्ट सगळ्यांना सांगितली. पन्नास माणसं टेबल बडवून हसली. मी हसून साजरं केलं. तिसऱ्या दिवशी मी दुसऱ्यांच्या गाड्या पोचताना बघितल्या.

त्यानंतर अकरा वर्षं ही गोष्ट चालली. गणपतीत, संक्रांतीला, कुणाच्या साठीला. एका लग्नात अक्षता वाटत होते, तर कुणीतरी ओरडलं, भालूकाकांना देऊ नका रे, नवरदेवाच्या घोड्यात जातील! मी हसलो. घरी येऊन मात्र मी खंडेनवमीची पूजा बंद केली. माझी बायको अलका म्हणाली, अहो, लोकांचं काय मनावर घेता. लोकांचं नव्हतंच ते. वर्कशॉपमधून व्हेंटिलेटर बाहेर जाताना मी एकदाऐवजी तीनदा तपासायला लागलो, कारण माझ्या हातून काहीतरी पडतं आणि मला कळतसुद्धा नाही, हे आता सिद्ध झालं होतं. रिटायर होईपर्यंत ती धाकधूक गेली नाही. दिलीपला मी कितीदा म्हटलं, इंजिन खोलून पुन्हा उभं करू. तो म्हणायचा, ‘राहू दे बे. उघडलंस की तुलाच वाईट वाटेल.’ किती जपतो हा मला, असं वाटायचं.

गेल्या महिन्यात मीनावहिनींनी घर विकायला काढलं. जुईजवळ राहायला जाणार आहेत. गॅरेज रिकामं करायचं, गाडी तुम्हीच घेऊन जा म्हणाल्या. ट्रेलरवर चढवण्याआधी एकदा आत बघून घ्यावं, म्हणून मी तिथेच इंजिन खोलायला घेतलं. घट्ट केलेल्या प्रत्येक स्क्रूवर मी अलकाच्या नेलपॉलिशचा ठिपका देतो. स्क्रू जरा जरी फिरला तरी ठिपका तडकतो, म्हणजे लगेच कळतं. कार्ब्युरेटरच्या चारही स्क्रूंवर माझे लाल ठिपके जसेच्या तसे होते. कुणी तो उघडलाच नव्हता. मग दाणा काढला कुठून? मी सीट उचलली. खालच्या कप्प्यात शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या पेट्रोलमध्ये घालायला मी मोजून दिलेली तेलाची बाटली होती. तोंडाला मी गुंडाळलेली काळी टेप तशीच. काठोकाठ भरलेली.

मी बाटली हातात घेऊन बसलो होतो तेव्हा वहिनी चहा घेऊन आल्या. मी म्हटलं, ‘वहिनी, तांदूळ नव्हताच.’

त्यांनी कप बाकावर ठेवला. ‘मला माहीत आहे, भाऊजी.’

गाडी बंद पडली त्याच संध्याकाळी दिलीपने त्यांना स्वीडनहून फोन केला होता. रडत होता म्हणे. तेल घालायचं विसरलो, भालूचा दिवस मी घालवला, असं म्हणाला. उद्या सांगतो म्हणाला. मी विचारलं, मग का नाही सांगितलं? वहिनी म्हणाल्या, ‘तुम्हीच सगळ्यांत जास्त हसायचात. ते म्हणायचे, आता सांगितलं तर त्याचं हसणं जाईल.’

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. मी हसत होतो, कारण दुसरं काय करणार होतो? तेल विसरतं माणूस. मी विसरलो असतो, त्याने मला दोन शिव्या दिल्या असत्या, आणि आम्ही पुढच्या वर्षी परत गेलो असतो. पण माझ्या वडिलांनी शिकवलेला नमस्कार त्याने पुढे केला आणि स्वतः मागे लपला, आणि अकरा वर्षं माझ्याच डब्यात जेवला. हॉस्पिटलात मी त्याची माफी मागितली, तेव्हासुद्धा एक शब्द काढला नाही. वहिनींवर राग नाही असं म्हणणार होतो, पण आहे, थोडा आहे. जुईला काहीच माहीत नव्हतं. परवा तिला फोनवर सांगितलं, तर ती इंग्लिशमध्ये सॉरी म्हणाली. तिचा यात काय दोष!

गाडी आता माझ्या गॅरेजमध्ये आहे. नवा पिस्टन मिळाला, बसवतोय. कार्ब्युरेटरही उघडला शेवटी, आत काही नव्हतं. वाकून काम करताना मला मागून उजेड लागतो. ते काम कायम दिलीपचं, आणि हा गडी बोलायच्या नादात बॅटरी नेहमी भलतीकडे धरायचा. अजून सवय जात नाही. गेल्या शनिवारी इंजिनात डोकं घातलेलं, दिसत काहीच नव्हतं, आणि मी मागे न बघता म्हणालो, ‘इकडे धर, खोटारड्या.’ त्याच्यासाठी हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाला. मी तसाच वाकून थांबलो. आता तरी तो काहीतरी बोलेल, असं क्षणभर मला खरंच वाटलं.