पुतणीचं लग्न

घरात तिला फौजदार म्हणत. लहानपणी बिस्किटांचा पुडा फुटलेला दिसला की ही आधी सगळ्यांचे हात हुंगून बघायची, म्हणून आईने ठेवलेलं नाव. आई गेली, नाव राहिलं. मोठेपणी चौकातल्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोंच्या काउंटरला लागली, तिथेही तीच तऱ्हा. कुणी बाई फोटो बघून म्हणाल्या, "अगबाई, मी अशी का दिसते?" की हिचं उत्तर तयार. "एरवी वेगळ्या दिसता याचा पुरावा आहे का?" स्टुडिओच्या मालकांना सगळा रस्ता काका म्हणायचा. ते आतून पोट धरून हसायचे.

मग तिच्या डोक्यात लग्नाचे फोटो शिरले. दिवसभर भिंतीला पाठ लावून बसलेली, न हसणारी माणसं टिपून टिपून जीव विटला होता. लग्नाची कामं काका स्वतः करायचे आणि हिला दिवे धरायला न्यायचे. एकदा ती म्हणाली, "एक तरी लग्न मला करू द्या." काका म्हणाले, "थोडी थांब अजून." थोडी म्हणजे किती, हे विचारत बसायला ती काय दूधखुळी होती? दाबून ठेवतोय हा माणूस मला, असं तिने ठरवलं आणि नोकरी सोडली. जाताना "तुमच्या नाकावर टिच्चून धंदा करून दाखवीन" हेही ऐकवून आली. म्हणजे परत जायचं झालंच तर आता नाक मुठीत धरून जायचं.

घर दोन खोल्यांचं. बाबा शिंप्याच्या दुकानात कापड बेतायचे. निवृत्त होताना जुनं शिवणयंत्र घेऊन आले होते. ते खिडकीकडे सरकवलं, पुढच्या खोलीच्या भिंतीला राखाडी पडदा लावला, दारावर पाटी ठोकली. मामेबहिणीच्या लग्नात हौसेने फुकट काढलेल्या फोटोंचा एक नमुना अल्बम केला. राहिला दर.

आणि तिथेच घोडं अडलं. नव्या माणसाने दर ठरवायचा तर बाकीचे काय घेतात ते कळायला हवं. सरळ विचारलं तर कोण सांगणार? मग एका दुपारी फौजदारने फोनवर रुमाल धरला, आवाज घोगरा केला आणि शहरातल्या एकेका फोटोग्राफरला गाठलं. "पुतणीचं लग्न आहे हो आमच्या. काय घेता?" सगळ्यांनी भडाभडा सांगितलं. "बरं, कळवते," असं म्हणून ती ठेवून द्यायची. शेवटचा फोन काकांना. त्यांनी तर दर सांगितला, अल्बमची पानं सांगितली, दुसऱ्या दिवसाचे वेगळे लावतो ते सांगितलं, वर आगाऊ पैसे घेतल्याशिवाय तारीख कधीच धरायची नाही हेही समजावलं. हिलाच शेवटी फोन ठेवायची घाई झाली. केवढा भोळा माणूस, असं म्हणत तिने काकांच्या आकड्याच्या किंचित खाली आपला आकडा ठरवला.

ठरवणं निराळं आणि तोंडाने म्हणणं निराळं. आकडा बोलायची वेळ आली की तिची जीभ पुढे घसरायची, "म्हणजे थोडं कमीजास्त करू." यातलं 'जास्त' एकाही गिऱ्हाइकाला कधी ऐकू आलं नाही. एका नवरदेवाच्या मामाने घासाघीस करत दर पार बसभाड्याला आणून ठेवला आणि मग तोच संशयाने बघायला लागला. "इतक्या स्वस्तात? फोटो उठतात ना नक्की?" आणि गेला तो गेलाच.

मग एक नवीनच प्रकार सुरू झाला. फोन यायचे, दर विचारायचे आणि म्हणायचे, "बरं, कळवतो." हे शब्द कानावर पडले की फौजदारच्या मनात पाल चुकचुकायची. या शब्दांची जात तिच्याइतकी कुणाला ठाऊक? काका! काका माणसं लावून तिचा दर काढतायत. तिने तर परीक्षाच ठरवून टाकली. खरं गिऱ्हाईक मुलीचं कौतुक सांगतं आणि जीव तोडून घासाघीस करतं. खोट्याला कशाचंच सोयरसुतक नसतं, कारण त्याला पैसे द्यायचेच नसतात. तिने स्वतःच्या सात-आठ फोनांत कुठे घासाघीस केली होती?

झालं, ती जबान्याच घ्यायला लागली. हॉल कुठला? मुलगी काय करते? माझा नंबर कुणी दिला? नंबरच्या प्रश्नावर माणसं हटकून चाचरायची आणि हिला आणखी चेव यायचा. दोघांनी चिडून फोन आपटला.

"पकडले गेले की असेच चिडतात," ती बाबांना म्हणाली.

"अगं, पण खरे असले तर?"

"तर पुन्हा करतील."

कुणी केला नाही. लग्नांचा हंगाम तोंडावर आला. या हंगामात पुऱ्या दराचं एक जरी काम मिळालं नाही, तर पुन्हा चौकात जाऊन 'हनुवटी जरा खाली' करत बसावं लागणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

त्यात बाबांचं काहीतरी बिनसलं होतं. बिनसलं म्हणजे उलट जरा जास्तच टापटीप झालं होतं म्हणा. घरी बनियनवर वावरणारा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून संध्याकाळी फिरायला जायला लागला. ती खोलीत आली की फोन गडबडीने खाली. आणि एक दिवस शर्टाची बटणं लावता लावता, सहज विचारल्यासारखं, "तुझा दर काय ठरला गं शेवटी?" बाबांनी तोवर तिच्या धंद्याबद्दल चकार शब्द विचारला नव्हता. तिने आकडा सांगितला आणि लगेच जीभ चावली. काका आणि बाबा जुने दोस्त. इथेच पाणी मुरत होतं तर!

त्याच आठवड्यात एका बाईंचा फोन आला. लग्नाचे फोटो काढायचे होते.

"तारीख?"

"अजून नक्की नाही."

"हॉल कुठला?"

"हॉल नाही. घरच्या घरीच."

"नवरी तुमची कोण?"

पलीकडून हळूच, "जवळचीच आहे."

पुतणी का, हे फौजदारच्या अगदी ओठांवर आलं होतं. बाई पुढे म्हणाल्या, "मी भेटायला येऊ का? म्हणजे तुम्हालाही बघेन." मलाही? माझ्यात काय बघायचंय? "या ना, अगदी उद्याच या," ती साखर पेरल्यासारखं बोलली. येऊ दे घरात, रंगेहाथ धरते.

बाई आल्या. साठीच्या आसपासच्या, केस चापून विंचरलेले, काखेत कापडी पिशवी. अल्बम मांडीवर घेतला खरा, पण नजर सगळी खोलीभर. यंत्राकडे, भिंतीवरच्या आईच्या तसबिरीकडे आणि सारखी हिच्याकडे.

"चालतं का अजून हे यंत्र?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला शिवायचंय का फोटो काढायचेत?"

बाई ओशाळल्या. मग म्हणाल्या, "एकट्याच धावपळ करता सगळी. जेवणखाण तरी वेळेवर होतं का?" आता मायेचं जाळं, फौजदारने मनात टिपून ठेवलं. थोड्या वेळाने त्या अल्बम मिटून म्हणाल्या, "हा मी थोडे दिवस नेला तर चालेल?" बघा, नमुनाच उचलायला निघाल्या! आणि सगळ्यांवर कडी म्हणजे, हिने तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "दर तर तुमचा…" आणि आकडा सांगितला. बरोब्बर. बाबांना सांगितलेला, तोच.

फौजदारचे कान तापले. "तो जुना," ती म्हणाली. "आता दुप्पट आहे."

बाई क्षणभर थबकल्या. मग म्हणाल्या, "चालेल." आणि पिशवीत हात घालायला लागल्या.

घासाघीस नाही! आणखी कसला पुरावा हवा? फौजदार ताडकन उठली. "काकांना सांगा, माझ्या घरात हेर पाठवायचा तर निदान घासाघीस शिकवून पाठवा. आणि माझ्या बाबांना या वयात फितवलंत, लाज नाही वाटत?"

बाईंचा चेहरा पडला. "काका कोण ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "फितवलं मात्र नाही हो मी त्यांना."

तेवढ्यात बाबा आत आले. इस्त्रीचा शर्ट, हातात दुधाची पिशवी. त्यांनी आधी बाईंकडे बघितलं. "सांगितलंत का तिला?"

"कशी सांगणार? मला हेर ठरवून मोकळी झालीय ती."

बाबांनी दुधाची पिशवी यंत्रावर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. "चौकापलीकडे बटणांचं दुकान आहे ना, ते यांचं," ते म्हणाले. "मी सगळी वर्षं बटणं तिथूनच घ्यायचो. तर… नवरी याच आहेत."

"आणि नवरा?" फौजदारने विचारलं. विचारता विचारताच तिला कळलं.

तिला रडू फुटलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. बाबांनी लग्न करायचं ठरवलं, आणि तिला घरातल्या घरात पत्ता नाही! "मला सांगावंसं नाही वाटलं तुम्हाला?"

"वाटलं की. रोज वाटलं," बाबा म्हणाले. "पण तू जबानी घेतेस गं. तुझ्यासमोर खरं बोलायलासुद्धा छाती लागते. म्हटलं, आधी या तुला भेटू देत, तुझ्याशी दोन शब्द बोलू देत. दर मीच सांगितला होता, म्हणजे यांनी पूर्ण पैसे आणावेत."

जबानीचं ते वाक्य तिच्या वर्मी बसलं. मग बटणवाल्या बाईच म्हणाल्या, "अल्बम मला दुकानात ठेवायचा होता. लेस आणि बटणं घ्यायला नवऱ्यामुली येतात ना माझ्याकडे. बघितला असता चार जणींनी."

माफी मागणं फौजदारच्या अंगवळणी नव्हतं. तिने अल्बम उचलला, ओढणीने दोन्ही बाजूंनी पुसला आणि बाईंच्या पिशवीत नीट उभा ठेवला.

"दुप्पट घेणार का गं मग आमच्याकडून?" बाबांनी भीत भीत विचारलं.

"मी काढणारच नाही तुमचे फोटो." दोघांचे चेहरे उतरलेले बघून ती घाईने म्हणाली, "अहो, मी कॅमेऱ्यामागे गेले तर तुमच्या शेजारी कोण उभं राहणार?"

आता दुसरं कुणीतरी हवं होतं. शहरातले सगळे दर तिला पाठ होते आणि कुणाचं काम सगळ्यात चांगलं, तेही ठाऊक होतं. तिने फोन उचलला. या वेळी रुमाल नव्हता.

"काका, लग्नाचे फोटो काढायचेत."

पलीकडे खाकरल्याचा आवाज आला. "का गं? पुतणीचं पार पडलं वाटतं?"

फौजदार यंत्रापुढच्या स्टुलावर मटकन बसली. "तुम्ही ओळखलं होतंत?"

"इतकी वर्षं माझ्या कानाशी 'हनुवटी खाली' म्हणून ओरडत होतीस. रुमालाने काय होतंय?"

"मग खरा दर कशाला सांगितलात?"

"तू विचारलास म्हणून."

तिला पुढचं विचारवेना, तरी तिने विचारलं. "आणि ती माणसं? माझा दर काढायला तुम्ही लावलेली?"

"लावलेली कसली! माझ्या तारखा भरल्या की तुझा नंबर द्यायचो त्यांना. माझं नाव सांगू नका म्हणायचो, नाहीतर तू घेतलं नसतंस काम. दोघं चिडून परत आले. म्हणे, फोटोवाली आहे का पोलीस?"

खरी होती. सगळी खरी गिऱ्हाइकं होती.

"बरं, ते जाऊ दे," काका म्हणाले. "आता कुणाचं लग्न?"

"बाबांचं."

पलीकडे काकांनी पुन्हा एकदा खाकरून घेतलं. मग म्हणाले, "पुरावा आहे का?"

ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि तिने फोन बाबांच्या हातात दिला.