स्वतःचंच लॉगिन काढायला लावलं, तो सोमवार

गेल्या सोमवारी सकाळी पिंगळीला घरच्या ओट्यावर लॅपटॉप उघडला. लॅबच्या नेटवर्कला जोडणारा व्हीपीएन आपोआप जोडला गेला. हिरवा ठिपका... आणि मला तर शनिवारीच कामावरून कमी केलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. परभणीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी चार वर्षं कॉम्प्युटर आणि नेटवर्क बघत होतो. लॅबची पालम आणि वालूरला कलेक्शन सेंटरं आहेत. रक्ताचे नमुने गाडीने परभणीला येतात, रिपोर्ट इंटरनेटवरून तिकडे जातात.

पालमला वायरचं इंटरनेट टिकत नव्हतं. रस्ता खोदला की वायर तुटायची आणि आठ-आठ दिवस कुणी फिरकायचं नाही. म्हणून मी तिथं बाहेरच्यांना अडवणारा फायरवॉल राउटर बसवला आणि त्याला दोन कंपन्यांच्या सिमवर चालणारी दोन डोंगल लावली. एकाची रेंज गेली की दुसरं काम उचलतं... आणि त्यावरून परभणीपर्यंत व्हीपीएन, म्हणजे पेशंटचे रिपोर्ट मध्ये कुणाला वाचता येऊ नयेत असा बंद रस्ता.

लिहायला चार ओळी लागल्या, करायला पाच महिने. मोबाइलच्या सिमपर्यंत बाहेरून थेट पोचता येत नाही, व्हीपीएन पालमच्या बाजूनेच सुरू व्हावा लागतो, एवढं कळायलाच पंधरा दिवस गेले. व्हिडिओ बघून शिकलो, बिघडवून शिकलो.

उन्हाळ्यात डोंगल इतकं तापायचं की हात लावता यायचा नाही. सेंटरवर रक्त घेणाऱ्या शोभाताईंचा फोन यायचा, “तुझ्या लेकराला ताप आलाय बाबा, ये लवकर.” मग मी एसटी पकडायचो. शेवटी लांब वायर जोडून ते सावलीच्या खिडकीत नेलं, तेव्हा कुठं शांत झालं.

मी बारावी नापास आहे. दोनदा. हे कधी लपवलं नाही.

यंदा लॅबला दर्जाचं सर्टिफिकेट घ्यायचं ठरलं. तपासणीला येणारे लोक प्रत्येक माणसाचं शिक्षण विचारतात म्हणे. आठवडाभर आधी अक्षय नावाचा इंजिनिअर कामावर आला होता... मला वाटलं, माझ्या मदतीला दिलाय. मी त्याला सगळं मन लावून दाखवलं. शनिवारी डॉक्टरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा मागवला आणि म्हणाले, “काम तुझं चांगलंच आहे रे. पण फाईलला काय लावू?”

चहा पिऊन निघालो.

आणि सोमवारी हा हिरवा ठिपका. दोन दिवस झाले तरी माझं लॉगिन कुणी काढलंच नव्हतं. घरच्या ओट्यावर बसून मला अख्ख्या लॅबचे रिपोर्ट उघडता आले असते... कुणाची साखर, कुणाची कावीळ, कुणाचं काय. उद्या एखादा रिपोर्ट बाहेर गेला तर पहिलं बोट माझ्याकडे. माणूस गेला की त्याच दिवशी त्याचा रस्ता बंद करायचा, हा नियम तिथं मीच घालून दिला होता.

तासभर घाबरून बसलो. मग डॉक्टरसाहेबांना फोन लावला. ते हसले. “अरे, राहू दे की चालू. अक्षय नवीन आहे. अडलं तर घरी बसून बघत जा. तुला काय, पाच मिनिटांचं काम.”

शनिवारी नुसतं वाईट वाटलं होतं. हे ऐकून तोंड कडू झालं. मी फाईलमध्ये चालत नव्हतो, राउटरमध्ये मात्र चालत होतो... कुणाला न दिसता, फुकट.

खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, राहू द्यावं. स्क्रीनवर पालमची दोन्ही डोंगल व्यवस्थित चालताना दिसत होती. आपण केलेलं काम निदान लांबून बघता तरी येईल. पण मग मी आयुष्यभर तेवढाच उरलो असतो. “नाही साहेब, काढायला सांगतो,” म्हणालो आणि फोन ठेवला.

अक्षयला फोन केला. मुलगा वाईट नाही. आधी त्याला सेटिंगचा बॅकअप घ्यायला लावला, मग ॲडमिनचा पासवर्ड बदलायला लावला. नवा पासवर्ड तो मलाच सांगायला लागला... मी मध्येच थांबवलं.

“दादा, व्हीपीएनच्या यादीत तीन नावं दिसायलेत,” तो म्हणाला. एक पालम, एक वालूर, तिसरं माझं. मी तीन वेळा वाचून घ्यायला सांगितलं. चुकून पालमची ओळ गेली असती तर शोभाताईंसमोर पेशंट रिपोर्टसाठी ताटकळले असते.

“खरंच काढू का दादा?”

“काढा.”

माझ्या स्क्रीनवरचा ठिपका करडा झाला. लॅपटॉपने आपणहून दोनदा परत जोडून बघितलं... नाही जमलं. चार वर्षांत पहिल्यांदाच ते न जुळणं बरोबर होतं.

मग सांगितलं, टेबलाच्या खणात माझी एक वही आहे, प्रत्येक बदल त्यात लिहीत जा. तारीख, काय बदललं, का बदललं. खण उघडल्याचा आवाज आला.

“दादा... कारण काय लिहू?”

“नोकरी सोडली, असं लिहा.”

सोडली नव्हती, हे त्यालाही माहीत होतं. तरी त्यानं लिहिलं असणार. त्या वहीत मी कधी एक खोटी नोंद होऊ दिली नव्हती... पहिली झाली, ती माझ्याच सांगण्यावरून आणि माझ्याच नावापुढे.