तळमजल्यावरचं प्रोबेशन

आमच्या घरात ‘प्रोबेशन’ हा चांगल्या बातमीचा शब्द होता. वडील बँकेत, आई महापालिकेच्या मराठी शाळेत. कोणाचा मुलगा प्रोबेशनवर लागला म्हणजे नोकरी लागली. दोन वर्षं नीट वागला की कायम होणार. त्या गुजराती शहरातल्या आमच्या सोसायटीतली बाकीची मराठी बिऱ्हाडंही बँक, टपाल, शाळा असलीच. त्यामुळे तळमजल्यावरच्या काकूंची धाकटी बहीण त्यांच्याकडे राहायला आली आणि काकूंनी जिन्यात आईला सांगितलं की हिचं दोन वर्षांचं प्रोबेशन चालू आहे, तेव्हा कोणाच्या मनात दुसरा अर्थ आला नाही. या समजुतीपायी माझ्याच तोंडून असं काही गेलं, की त्या बाईंवर तुरुंगात जायची वेळ आली होती.

नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. मी कॉलेजात होते. शाळा कॉन्व्हेंटची, मराठी घरातल्यापुरतं, गुजराती कानावर पडलेलं. तिन्ही भाषांत मी कमीच बोलायची. बघायची मात्र भरपूर. आमची गॅलरी काकूंच्या दाराच्या बरोबर वर होती.

काकूंच्या या बहिणीने तिशी ओलांडली होती. मी त्यांना ताई म्हणायची. आठवडाभर त्या कुठेच जात नसत, तेव्हा हे कसलं प्रोबेशन हा प्रश्न मला पडायचा. आई म्हणायची, ऑर्डर यायची असेल. रविवारी मात्र त्यांच्या पायरीवर गोडादऱ्याच्या वस्तीतून कापडाच्या लूमवर काम करणारी माणसं येऊन बसत. काकूंचं माहेर खानदेशातलं, ही माणसंही तिकडचीच, सगळं बोलणं अहिराणीत. ताई मांडीवर पॅड घेऊन त्यांचे कागद लिहून देत. वरून मला दिसत ती फक्त कागदावर वाकलेली डोकी.

ताईंचं अक्षर सुंदर होतं. एप्रिलमध्ये आईने निकालपत्रकं नकलून द्याल का म्हणून विचारलं, तर त्या दोन पावलं मागेच सरल्या. “शाळेचा कागद नको, बाई. दुसरं काहीही सांगा. पापड लाटून देते.” आईला राग आला. वर येऊन म्हणाली, कामाची इतकी टाळाटाळ करते, ही कायम कशी होणार?

मे महिन्यात एका दुपारी घरी मी एकटीच होते. खाली काकूंच्या दाराला कुलूप होतं. फाइल घेतलेले एक गृहस्थ जिना चढून आले आणि गुजरातीत म्हणाले, मी प्रोबेशन ऑफिसर, खालच्या बेनबद्दल थोडं विचारायचं आहे. त्यांच्या डोक्यावर केस उरले नव्हते. मला आधी वाटलं, या वयात हे अजून प्रोबेशनवर! मग स्वतःच उलगडा केला की हे बहुधा माणसं कायम करणारे साहेब असावेत. मी पाणी दिलं. त्यांनी विचारलं, बेन कशा आहेत, कुठे जातात, कोण येतं.

आईचं वाक्य माझ्या डोक्यात होतं. आपल्या एका चांगल्या शब्दाने ताईंचं काम होईल असं वाटून मी अनोळखी माणसाशी आयुष्यात पहिल्यांदा इतकं बोलले. त्या रिकाम्या बसत नाहीत, रविवारभर लोकांचे कागद लिहितात, असं सांगितलं.

“कया कागळ?” त्यांनी विचारलं.

“अर्ज, रेशनकार्डाचे फॉर्म,” मी म्हणाले, आणि यादी तोकडी वाटली म्हणून जोडलं, “दाखले.”

दाखला मी एकही पाहिला नव्हता. साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी तोच शब्द पुन्हा विचारला आणि मी उत्साहाने मान हलवली. त्यांनी लिहून घेतलं आणि पाणी अर्धं ठेवून ते गेले.

चार दिवसांनी काकू वर आल्या. आत येऊन त्यांनी आमचं दार स्वतःच लावून घेतलं. “त्या साहेबाला तू काय सांगितलंस?”

मग सगळं कळलं. ताई सचिन गावाजवळच्या एका खाजगी शाळेत क्लार्क होत्या. ज्या मुलांनी त्या शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं त्यांना त्यांनी शाळा सोडल्याचे दाखले लिहून दिले. जन्मतारीख सगळ्यांची एक जून, अक्षर सगळीकडे तेच देखणं. खटला झाला, गुन्हा शाबीत झाला. पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टाने तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर दोन वर्षं बाहेर ठेवलं, त्या साहेबांच्या देखरेखीखाली. काका जामीन राहिले. आता साहेबांनी बोलावून सांगितलं होतं की पुन्हा दाखले लिहिल्याचं खरं निघालं तर जुन्या गुन्ह्याची शिक्षा भोगावी लागेल.

“तू तिला दाखला लिहिताना पाहिलंस?”

“नाही.”

“मग बोललीस कशी?”

मी त्यांची शिफारस करत होते, हे मला कुठल्याच भाषेत सांगता आलं नाही.

काकू गेल्यावर आईने पहिली गोष्ट केली ती म्हणजे कपाटातली निकालपत्रकं मोजली. वडील म्हणाले, मी बोलले ते बरंच झालं. तुरुंगात माणूस कुठे आहे ते निदान ठाऊक असतं. ही इथे सुधारते आहे की लपते आहे, कोण सांगणार? आठवड्यात सगळ्या सोसायटीला कळलं. कोणाकडून, ते मी विचारलं नाही. मला आईचा संशय होता. प्रत्येकाच्या जुन्या आठवणींना आता नवा वास यायला लागला. एक शेजारीण म्हणाली, निकालपत्रकांना नाही म्हणाली ते सोंग, आधी विश्वास बसवायचा म्हणून. आणि मलाही पायरीवरची ती वाकलेली डोकी निराळी दिसू लागली. मी दाखला पाहिला नव्हता, म्हणजे तो नव्हताच असं थोडंच होतं?

तरी जे पाहिलं नाही ते पाहिल्यासारखं सांगून कोणाला तुरुंगात घालणं मला झेपेना. लायब्ररीत जाते सांगून मी त्या साहेबांच्या कचेरीत गेले. जवळ इंग्रजीत लिहिलेला अर्धा कागद होता. इंग्रजीत मला माझ्या शब्दांची खात्री असायची. मी एकही दाखला पाहिलेला नाही, तो माझा अंदाज होता, एवढंच त्यात होतं. साहेबांनी तो दोनदा वाचला. रागावले नाहीत. मी धीर करून विचारलं की माणूस खरोखर सुधारला हे तुम्हाला कळतं कसं? त्यांनी मागच्या फायलींनी भरलेल्या कपाटाकडे पाहिलं आणि म्हणाले, मी फार तर महिन्यातून एकदा येईन, बाकीचे दिवस तर तुम्हीच बघता.

ताई वाचल्या, पण रविवार बंद झाले. घरी कोणाचाही कागद लिहायचा नाही, अशी साहेबांची ताकीद होती. त्यानंतर दर महिन्याला खालून परतताना ते माझ्याकडे बघून विचारत, “कोई आवे छे, बेन?” मी नाही म्हणायची, आणि ते खरं असायचं. हे काम मला आवडत नव्हतं. पण पुस्तक घेऊन मी गॅलरीतच बसायची.

दिवाळीच्या सुट्टीत गोडादऱ्याची एक बाई आली. कडेवर मूल, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद. ताईंनी दार उघडलं आणि आधी वर पाहिलं. मी मागे सरले. बाई आत गेली, दार लागलं. बऱ्याच वेळाने ती कागद घेऊनच बाहेर पडली.

दोन दिवसांनी साहेब आले. ताईंकडे न जाता या खेपेला आधी वर आले आणि नेहमीचाच प्रश्न विचारला. माझ्या एका शब्दाने मागे काय झालं होतं ते मी विसरले नव्हते. सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाले, “ना.”

त्यांनी माझ्याकडे थोडा जास्तच वेळ पाहिलं आणि खाली गेले. पाच मिनिटांत ताई आमच्या दारात उभ्या.

“नाही का म्हणालीस?”

“तुमच्यासाठीच…”

“मी त्यांना त्याच दिवशी पीसीओवरून फोन करून सांगितलंय. बाई आली होती, कोर्टाचा कागद होता, मी वाचून दाखवला, पेन हातात घेतलं नाही. आता ते म्हणतात, वरची पोरगी तर कोणी आलंच नाही म्हणते. मग तुमच्या दोघींचं काय साटंलोटं आहे?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “चल खाली. साहेब बसलेत.”

मी खाली गेले. काका-काकूंच्या देखत सांगितलं की बाई आलेली मी पाहिली होती, मी खोटं बोलले. साहेबांनी माझं म्हणणं लिहून त्यावर माझी सही घेतली आणि ताईंना एवढंच म्हणाले, पुढच्या महिन्यात भेटू. मला मात्र त्यानंतर त्यांनी कधी काही विचारलं नाही.

ताईंची दोन वर्षं पुरी झाली. तुरुंगात न जाताच पुरी झाली. वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले की दोन वर्षं कोणीही नीट वागेल. मला ते पटत नव्हतं, आणि खोडताही येत नव्हतं. ज्या दिवशी दार उघडून ताईंनी वर पाहिलं त्या दिवसाचा किडा माझ्या डोक्यातून जात नव्हता. त्या खरं बोलल्या होत्या. पण कशामुळे?

एकदा अंगणातल्या दोरीवर त्या कपडे वाळत घालत होत्या, तेव्हा मी विचारून टाकलं. “ताई, त्या दिवशी मी गॅलरीत नसते, तरी तुम्ही फोन केला असता?”

त्यांनी काकांचा शर्ट झटकला, दोन्ही खांद्यांना चिमटे लावले.

“तू नसतेस कधी?” त्या म्हणाल्या, आणि बादलीतून पुढचा कपडा उचलला.