नऊनंतरचं गरम पाणी

उदगीरला मंजुश्रीच्या घरी वायरमन सांगून गेला, "नवा मीटर घेतला की सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज स्वस्त पडते. घ्यायचा का, सोमवारी विचारायला येतो." सवलत तिला हवी होती. घराला ती झेपेल का, याची मात्र खात्री नव्हती. म्हणून जुन्याच मीटरवर तिनं तालीम सुरू केली. पाण्याची मोटार, मिक्सर, इस्त्री सगळं नऊनंतर. गिझरसुद्धा.

सासरे माणिकप्पा खूश झाले. उभा जन्म त्यांनी धान्याच्या मोंढ्यात आडत दुकान चालवलं होतं. "भाव उतरल्याबिगर माल उचलायचा न्हाई. पोराला जमलं न्हाई, सुनेला जमलं," ते म्हणाले.

राजशेखरनं, त्यांच्या मुलानं, पेपरातून मान वर केली नाही. "अप्पा, भाव उतरला म्हणून उचललेला हरभरा गोदामात किडला, तो कुणाचा?"

माणिकप्पा आंघोळ करून, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा केल्याशिवाय काही खात नाहीत. एरवी हे उजाडतानाच उरकायचं. आता ते नऊनंतर गेलं. श्रावणात उपास धरणारा माणूस, तेवढं सोसेल, असं मंजुश्रीनं धरलं. मधुमेहाच्या गोळीचं तिच्या डोक्यात आलं नाही. डॉक्टरांनी सातची वेळ दिलेली, आणि माणिकप्पा वेळेचे पक्के. गोळी म्हणजे काही खाणं नव्हे, असं त्यांचं मत.

गुरुवारी पूजेच्या खोलीतून आवाज येईना म्हणून ती डोकावली. डावा तळहात थरथरत होता. थंडीचे दिवस असून कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती.

"मामा, गोळी घेतली का?"

"सातालाच."

तिनं धावत साखरेची वाटी आणली. त्यांनी तोंड मिटलं. "पूजा होऊ दे."

बळंच भरवावी तर हातातलं लिंग पडण्याची भीती. थांबावं तर माणूसच कोसळेल. राजशेखर दुकानात, घरात दुसरं कुणी नाही. तिनं वाटी त्यांच्या पुढ्यात सरकवली.

"मग नैवेद्य दाखवा. हीच साखर. दाखवा आणि घ्या."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. नजर ठरत नव्हती. मग त्यांनी वाटी कशीबशी लिंगासमोर धरली आणि चिमूट तोंडात टाकली. पुढची तिनं भरवली.

डॉक्टरांनी बजावलं, गोळी घेतली की ताट समोर हवं. राजशेखर भडकला. "मीटर नकोच. नाही सांगून टाक."

"घ्या की," माणिकप्पा पडल्या पडल्या म्हणाले. "मी सकाळीच थंड पाण्यानं करतो."

मंजुश्रीला याचीच धास्ती होती. मीटर बसला की मामा नऊच्या आत पाणी तापवू देणार नाहीत.

सोमवारी वायरमन आला. "काय ठरलं, वहिनी?"

"घ्यायचाय, पण शिवरात्र झाल्यावर. थंडी गेली की टाकीचं पाणीच कोमट येतं. मग मामांना गिझर लागत नाही."

"तवर मीटर शिल्लक राहतील का, सांगता येत न्हाई."

"नाही राहिले तर नाही."

"बघा," आतून माणिकप्पा म्हणाले, "हातचा सौदा घालवायली."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिनं गिझर लावला, आणि माणिकप्पा आंघोळीला जाईपर्यंत बटणापाशीच उभी राहिली.