धरणारे हात

कामोठ्यातल्या त्या जनावरांच्या दवाखान्यात माणसं टिकत नसत. पाटीवर डॉ. रुथ पेणकर हे नाव कायम होतं, आतले चेहरे मात्र बदलत राहायचे. काउंटरवरची मुलगी लोकांच्या आरडाओरड्याला कंटाळून गेली. हाताखालचा तरुण डॉक्टर पुण्याला गेला. ड्रेसिंग करणारे काशीराम सुट्टीवर गावी गेले ते परतलेच नाहीत. उरली कुबरा.

कुबरा जुन्या पनवेलची. नवरा नावेद कतारला नोकरीला, घरी सासू आणि शाळेत जाणारी हादिया. दवाखान्यात ती आली होती फोन घ्यायला. पुढे एकेक माणूस गेलं आणि त्याचं त्याचं काम तिच्या अंगावर आलं. जनावर टेबलावर धरून ठेवायचं, ऑपरेशनच्या वेळी श्वासावर नजर ठेवायची, शेवटी फरशीही पुसायची. घरी जाऊन अंघोळ केल्याशिवाय ती मुलीला जवळ घेत नसे. सासूने आधी नाक मुरडलं, नंतर तीच विचारू लागली, आज कोण आलं होतं, मांजर की कुत्रा? कुबराला हे काम मनापासून आवडायचं. तरीही तिने ते सोडायचं ठरवलं.

कारण उन्हाळ्यात घडलं होतं. एका लॅब्रेडॉरच्या कानात जखम होती. चावू नये म्हणून तोंडाला मझल बांधू या, असं कुबरा म्हणाली, तर मालकीणबाईंना राग आला. रुथने कुबरालाच सांगितलं, राहू दे, जरा घट्ट धर. कुत्र्याने तिच्या मनगटाचा लचका तोडला. कुबरा बेसिनवर रक्त धूत होती आणि मागे रुथ मालकीणबाईंची माफी मागत होती, तुमचा कुत्रा घाबरला, सॉरी हं. इंजेक्शनं घेऊन झाली, जखम भरली. ती माफी मात्र कुबराच्या कानातून जाईना.

पनवेलमधल्या एका दातांच्या दवाखान्यात तिला काम मिळालं. महिनाअखेर सोडते, असं तिने सांगितलं तेव्हा रुथ फक्त 'बरं' म्हणाली आणि सिरिंज भरत राहिली. थांब म्हणायचा आपल्याला काय हक्क, असं तिला वाटत होतं. कुबराला वाटलं, मॅडमना काहीच फरक पडत नाही.

त्यानंतरच्या एका दुपारी कामोठे गावातला शैलेश चादरीत गुंडाळलेला जर्मन शेफर्ड घेऊन धावत आत शिरला. मागे त्याची बायको दिपिका. घरासमोर पाण्याचा टँकर मागे घेताना कुत्रा चाकाखाली आला होता. मागचा पाय चिरडला होता आणि चादरीतून रक्त फरशीवर ठिबकत होतं.

टेबलावर ठेवताच कुत्रा गुरगुरला. कुबराने खणातून मझल काढली. शैलेशने ती तिच्या हातून हिसकावून कोपऱ्यात फेकली.

"त्याचं तोंड नाय बांधायचं. पोरासारखा वाढवलाय आमी त्याला. तो चावत नाय."

वेदनेत कुठलाही कुत्रा चावतो, असं कुबराने समजावलं. शैलेशने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो रुथला म्हणाला, "हिला धरायला सांगा ना. हिचं कामच हाय ते."

कुबरा रुथकडे पाहत राहिली. रुथ आता काय म्हणणार, हे तिला ठाऊक होतं. तिचा उजवा हात आपोआप मनगटावर गेला.

रुथने तो हात पाहिला. खाली रक्ताचं थारोळं वाढत होतं. ती म्हणाली, "मझल बांधल्याशिवाय माझी माणसं त्याला हात लावणार नाहीत. मीही लावणार नाही."

"मग मरू देणार काय त्याला?"

"तुम्ही अडवलंत तर मी काही करू शकत नाही. वेळ जातोय."

शैलेशने शिवी हासडली. दुसरीकडे नेतो म्हणत त्याने चादरीची टोकं गोळा केली. पनवेलच्या रहदारीत हा कुत्रा जिवंत पोचणार नाही, हे दोघींनाही कळत होतं. कुबराच्या ओठांवर आलं, असू दे मॅडम, धरते मी. रुथचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती जागची हलली नाही आणि तिने शब्दही मागे घेतला नाही.

तेवढ्यात दिपिका कोपऱ्यात गेली. मझल उचलून तिने कुबराच्या हातात दिली आणि नवऱ्याला म्हणाली, "तू बाहेर बस. माझ्याच्यानं नाय बघवत आता."

शैलेश चादर धरून तसाच उभा राहिला. मग त्याचे खांदे पडले. कुत्र्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटून तो बाहेर गेला.

कुबराने मझल बांधली आणि कुत्र्याचं डोकं छातीशी दाबून धरलं. सुई टोचताच त्याने एवढा जोरात हिसडा दिला की मझलचा पट्टा करकरला. तो तुटला नाही. रुथने रक्तवाहिनी चिमट्यात धरली, भूल दिली, मझल काढून श्वासनलिकेत नळी घातली. पाय वाचणार नव्हताच, रुथ तो कापू लागली. मध्येच कुबरा म्हणाली, "मॅडम, श्वास घेत नाहीये." रुथने भूल बंद केली आणि कुबरा हाताने हवेची पिशवी दाबू लागली. बाहेर दिपिकाचं रडणं ऐकू येत होतं. आत दोघी त्या छातीकडे बघत होत्या. बऱ्याच वेळाने ती आपली आपण वर आली. मग पुन्हा आली.

कुत्रा तीन पायांवर घरी गेला. शैलेशने माफी मागितली नाही. टाके काढायला आला तेव्हा मात्र कुत्र्याच्या तोंडाला त्याने घरूनच पट्टी बांधून आणली होती.

ऑपरेशनच्या दिवशीच संध्याकाळी कुबराने दातांच्या दवाखान्याला येत नाही म्हणून कळवलं. रुथला मात्र सांगितलं नाही. मॅडम त्या दिवसापुरत्याच तसं बोलल्या की खरंच बदलल्या, हे तिला बघायचं होतं. रुथने विचारलं नाही, आणि महिनाअखेर जवळ येत गेली तशी रुथ जेवेनाशी झाली. एकदा जुन्या ओळखीचे एक गृहस्थ आपल्या बोक्यावरून कुबरावर खेकसले. रुथ आतून बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "काका, तिच्याशी नीट बोला. नाहीतर बोका मी तपासणार नाही."

ते गेल्यावर कुबराने चहा आणला.

"मी राहते, मॅडम. पण एकटी नाही राहायची. अजून कुणीतरी घ्या."

रुथने मान हलवली. मग चहाचा कप पुढे ओढला.

पुढच्या महिन्यात अरीबा नावाची मुलगी कामाला लागली. पहिल्याच दिवशी एका पॉमेरेनियनच्या मालकाने सांगितलं, आमचा चावत नाही. अरीबा गोंधळून कुबराकडे बघू लागली. कुबरा काही बोलायच्या आत पडद्यामागून रुथचा आवाज आला, "अरीबा, आधी मझल."