पहिला नकार

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचं ते गाव म्हणजे एक रस्ता, एक कॉलेज आणि नजर पोचेल तिथपर्यंत मेंढ्या. पूर्वी तिथे मांस गोठवण्याचा कारखाना होता. तो बंद पडला, मग रेल्वे थांबेनाशी झाली, आणि लोकरीच्या जुन्या गोदामात कॉलेज निघालं म्हणून गाव कसंबसं टिकलं. मी त्याच कॉलेजात कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. २०१५ साली माझ्याकडे वर्षभराचा वर्क व्हिसा होता, आणि त्या वर्षात शिक्षणाला साजेशी नोकरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळून पुण्याला परत जायचं होतं.

आठवडाभर मी कोपऱ्यावरच्या दुकानात, म्हणजे तिथल्या भाषेत डेअरीत, गल्ल्यावर उभी राहायची. ती नोकरी व्हिसासाठी बिनकामाची. अर्ज तर मी पार ऑकलंडच्या ईस्ट टामाकीतल्या गोदामांमधल्या कॉम्प्युटरच्या कामांपर्यंत पाठवत होते. नकार एकाच साच्यातले यायचे. पुण्यात तोंड दाखवायचं कसं, या एकाच विचाराने मला झोप लागत नव्हती.

शनिवारी मात्र मी जुन्या रेल्वे स्टेशनात जायची. तिथे गावाचं छोटं संग्रहालय होतं, आणि मी फुकटात जुने फोटो स्कॅन करून द्यायची. ते चालवणाऱ्या बाई कॉलेजातल्या निवृत्त शिक्षिका, ऐंशी ओलांडलेल्या. त्या फोटोवर बोट ठेवायच्या आणि सांगायच्या: हा बेकरीवाला, हा लढाईवर गेला तो परत आला नाही, हे दोघं कॉलेजच्या नाचात भेटले आणि अजून भांडतात. मी टाइप करायची. आठ महिन्यांत मला माझ्या घराण्यापेक्षा त्या गावाची वंशावळ जास्त पाठ झाली होती.

मग कॉलेजची पन्नास वर्षं जवळ आली. गावाचा इतिहास कॉम्प्युटरवर नीट लावण्यासाठी कौन्सिलने दोन वर्षांची पूर्णवेळ जागा मंजूर केली. एका शनिवारी संग्रहालयाच्या समितीचे चौघं स्टेशनच्या जुन्या वेटिंग रूममध्ये चहाला बसले आणि मलाही बोलावलं. बाईंनी कप खाली ठेवला.

"हे काम तू करावंस असं आम्हा सगळ्यांना वाटतं. करशील?"

म्हणजे व्हिसाचाही प्रश्न सुटत होता. आणि तोंडातून बाहेर पडलं, "छे, छे, मी कसली! माझ्यापेक्षा चांगलं कुणीतरी मिळेल तुम्हाला."

आमच्या घरी दुसरा लाडूसुद्धा पहिल्या विचारण्याला कुणी घेत नाही. आधी नको म्हणायचं, समोरच्याने आग्रह करायचा, मग 'बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर' म्हणून घ्यायचं. ते 'बरं' माझ्या ओठांवर तयार होतं. बाई ठीक आहे म्हणाल्या, आणि समिती गळक्या छपराच्या विषयाकडे वळली. तासभर ते पन्हळीबद्दल बोलले. मी शहाण्यासारखी स्कोन, म्हणजे चहाबरोबरचा तिथला गोडसर पाव, खात, आता विचारतील, मग विचारतील म्हणून बसून राहिले.

घरी आल्यावर ठाण्याच्या रूममेटला सांगितलं तर ती किंचाळायचीच बाकी होती. "अगं, जॉब ऑफर केला त्यांनी तुला. आणि तू नको म्हणालीस?"

दैव देतं आणि कर्म नेतं, हे मी हजारदा ऐकलं होतं. माझं कर्म इतकं सुसंस्कृत असेल असं वाटलं नव्हतं.

रविवारभर बाईंचा फोन लागला नाही. त्या लेकीच्या शेतावर होत्या, तिथे रेंज नसायची. सोमवारी डेअरीत न जाता मी त्यांच्या घरी धावले. त्या गमबूट घालून वाफे खुरपत होत्या. मी भडाभडा सगळं सांगितलं: व्हिसा, लाडू, आग्रह. त्यांनी हातमोजे काढले आणि शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की शनिवारी संध्याकाळीच त्यांनी बेकरीवाल्याच्या नातीला विचारलं. ती तिथल्या तिथे हो म्हणाली, आणि आज सकाळी तिने आधीच्या नोकरीचा राजीनामाही दिला.

पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणायला लाजलेली मी, त्या वाफ्यात उभी राहून भीक मागत होते. अर्धी जागा द्या, सहा महिने द्या, काहीही द्या. बाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं.

"तू नाही म्हणालीस. मला वाईट वाटलं, पण मी तुझा शब्द मानला."

या देशात आपल्या शब्दाला किंमत नाही म्हणून वर्षभर मीच कुरकुरत होते.

उरलेल्या तीन महिन्यांत आणखी अर्ज केले, आणखी नकार आले. त्या नातीला कोणत्या फोटोत कोण आहे ते मीच शिकवलं. तिचा आजोबा कुठला, तेही मीच दाखवलं. पोरगी इतकी गोड की धड रागही धरता येईना. घरी आल्यावर मात्र मी उशीत तोंड खुपसून स्वतःला शिव्या घालायची.

आईला खरं काय ते परतीचं तिकीट काढल्यावरच फोनवर सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "पण त्यांनी पुन्हा एकदा विचारलंच नाही? अशी कशी गं ती माणसं?"

तिला खरंच राग आला होता, माझ्या बाजूने.

"चांगली आहेत गं आई," एवढंच म्हणाले, आणि फोन ठेवून बॅग भरायला लागले.