लाँचचं तुटलेलं पातं
डिझेलचा वास आला की मुळा धरणावरची ती दुपार आठवते. दुष्काळानंतर धरण भरलं, वाडीचा रस्ता बुडाला. मला कळा सुरू झाल्या म्हणून लाँचमधून राहुरीला नेत होते. मध्येच बुडालेल्या बाभळीवर लाँचचा पाण्याखालचा पंखा आदळला आणि त्याच्या तीन पात्यांतलं एक तुटलं. पंख्याचा तोल गेल्यानं लाँच थडथड हादरू लागली, मी ओरडलेच. चालकानं इंजिन हळू केलं. "दोन पात्यांवर पोचवतो, वैनी, पन हादरं बसनार." एरवी माझ्याशी धड न बोलणाऱ्या सासूबाईंनी फळीवर बसून मला मांडीवर ओढलं. "मला बसू दे हादरं," म्हणाल्या. काठ येईपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. मुलगी सुखरूप झाली. पुढं कित्येक दिवस त्यांची कंबर धरली होती, हे मला शेजारणीकडून कळलं. आता मीही सासू आहे. एवढं मला जमेल का, असं कधीकधी वाटतं.